पाहुण्या बदकांवरचा आळ

दिवाळी सरून मराठवाड्याच्या काळ्या रानांत रब्बीची ज्वारी डोकें वर काढूं लागली, म्हणजे तेथील जलाशयांवर उत्तरेकडचे पाहुणे उतरूं लागतात. नांदेडजवळचा गोदावरीवरील विष्णुपुरीचा जलाशय, पैनगंगेवरील इसापूरचें धरण, लातूर शहरास पाणी पुरविणारा मांजरेवरील धनेगांवचा जलाशय आणि गांवोगांवचे लहानमोठे तलाव यांवर पहांटेच्या धुक्यांत पाहावें, तों पाण्याचा पृष्ठभाग ठिपक्याठिपक्यांनीं भरलेला दिसतो. लांब टोंकदार शेपटीचें तलवार बदक, पळीसारख्या चोंचीचा थापट्या, पांढऱ्या भिंवईचें भुवई बदक, इवलासा चक्रांग, तांबड्या डोक्याची लालसरी आणि संस्कृत कवींनीं ज्याच्या विरहाचीं गाणीं गाइलीं तो केशरी चक्रवाक, अशी ही मंडळी असते. त्यांतील बहुतेकांचें जन्मस्थान सैबेरिया, कझाकस्तान, मंगोलिया किंवा तिबेट या दूरच्या प्रदेशांत आहे. तेथील पाणी गोठलें, कीं तीं दक्षिणेकडे निघतात. येथें उन्हें तापूं लागलीं, कीं परत फिरतात.

या पाहुण्यांकडे पूर्वीं लोक कौतुकानें, आणि शिकारी थोड्याशा लोभानें, पाहात. अलीकडे त्या दृष्टींत भय मिसळलें आहे.

त्याचें कारण असें. जानेवारी २०२५ मध्यें लातूर जिल्ह्यांतील उदगीर शहरांत कावळे मरून पडूं लागले. थोड्याच दिवसांत मेलेल्या कावळ्यांची संख्या पन्नासांच्या आसपास गेली. त्यांचे नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे धाडण्यांत आले, व त्यांत एच्-५ एन्-१ या जातीचा इन्फ्लुएंझाचा विषाणु आढळला. वर्तमानपत्रें ज्यास ‘बर्ड फ्लू’ म्हणतात तो हाच रोग होय. भोंवतालचा दहा किलोमीटरांचा टापू सावधगिरीचा म्हणून जाहीर झाला. त्याच महिन्यांत शेजारच्या नांदेड जिल्ह्यांत, लोहा तालुक्यांतील किवळा गांवीं, कोंबड्यांचीं पिलें मेलीं. तेथेंहि हाच रोग ठरला. त्यापूर्वीं चार वर्षें, म्हणजे जानेवारी २०२१ मध्यें, परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथें बचत गटानें चालविलेल्या कुक्कुटपालन केंद्रांत सुमारें आठशें कोंबड्या दोनचार दिवसांत मृत्युमुखीं पडल्या होत्या, आणि लातूर जिल्ह्यांतील अहमदपूर तालुक्यांत केंद्रेवाडीसहि तशीच मरतूक झाली होती. दोन्ही वेळां महिना जानेवारीचा, आणि दोन्ही वेळां तळ्यांवर पाहुणीं बदकें उतरलेलीं. तेव्हां लोकांचें बोट बदकांकडे वळलें यांत नवल नाहीं. परंतु बोट दाखविणें वेगळें, आणि दोष सिद्ध करणें वेगळें. हा आळ कितपत खरा आहे, हें शांतपणें पाहणें जरूर आहे. कारण आळ चुकीच्या ठिकाणीं घातला, तर उपायहि चुकीच्या ठिकाणीं होतो आणि खरें छिद्र उघडेंच राहतें.

प्रथम बदकांच्या विरुद्ध जें सांगतां येईल तें सांगितलें पाहिजे. इन्फ्लुएंझाच्या ‘अ’ वर्गाचे विषाणु पाणपक्ष्यांत पुरातन काळापासून वस्ती करून आहेत. विषाणूच्या पृष्ठभागावर दोन प्रकारचीं प्रथिनें असतात. एकास एच् आणि दुसऱ्यास एन् हें अक्षर देऊन त्यांच्या भेदांस क्रमांक दिलेले आहेत. त्यावरूनच एच्-५ एन्-१ हें नांव आलें. त्यांतील बहुतेक सर्व भेद रानबदकांत सांपडतात. बदकाच्या आंतड्यांत हा विषाणु सुखानें वाढतो, विष्ठेवाटे पाण्यांत उतरतो, आणि तें पाणी पिणाऱ्या दुसऱ्या बदकाच्या पोटांत जातो. पाणी थंड असेल तर त्यांत तो कित्येक दिवस, कधीं कधीं आठवडेच्या आठवडे, जिवंत राहतो. उन्हाळ्याच्या तापलेल्या पाण्यांत त्याचा लवकर नाश होतो. हिंवाळ्यांत ही सांथ उद्भवण्याचें हें एक मोठें कारण आहे. बदकांच्या जातींतहि फरक आहे. निळ्याहिरव्या डोक्याच्या मॅलार्ड बदकावर केलेल्या प्रयोगांत असें आढळलें, कीं घातक विषाणु शरीरांत असतांहि तें आजारी दिसत नाहीं व विष्ठेंतून मात्र विषाणु टाकीत राहतें. उलट शेंडी बदकास तोच विषाणु पुष्कळदां आजारी पाडतो. आजारी पक्षी दूर जाऊं शकत नाहीं. निरोगी दिसणारा वाहक शेंकडो कोस जाऊं शकतो.

दुसरा पुरावा अधिक उघड आहे. मे २००५ मध्यें चीनमधील छिंगहाय सरोवरावर कांहीं हजार रानपक्षी मेले. त्यांत पट्टकादंब नांवाचा हंस पुष्कळ होता. हा पक्षी हिमालय ओलांडून भारतांत येतो, आणि सात हजार मीटरांहून अधिक उंचीवरून उडतांना त्याची नोंद झालेली आहे. त्या सरोवरावरील सांथीनंतर थोड्याच महिन्यांत हा रोग पश्चिमेकडे युरोपापर्यंत पोहोंचला. डिसेंबर २०२० व जानेवारी २०२१ मध्यें हिमाचल प्रदेशांतील पोंग धरणावर पुन्हां हजारों रानपक्षी मेले, आणि त्यांतहि पट्टकादंबच बहुसंख्य होते. मुरुंब्याची मरतूक त्याच जानेवारींतली. तेव्हां रानपक्षी हा रोग वाहून नेऊं शकतात, यांत शंका घेण्यास जागा नाहीं.

आतां दुसरी बाजू. हा घातक विषाणु रानबदकांनीं निर्माण केला काय? इतिहास तसें सांगत नाहीं. बदकांत राहणारे मूळचे विषाणु सौम्य असतात. विषाणूस पेशींत शिरण्यासाठीं आपल्या एच् प्रथिनाचा एक सांधा तुटावा लागतो. सौम्य जातींत तो सांधा तोडणारें द्रव्य केवळ आंतड्यांत व श्वासमार्गांत असतें. म्हणून रोग तेवढ्यापुरताच राहतो. परंतु एच्-५ किंवा एच्-७ जातीचा विषाणु कोंबड्यांत शिरून फिरूं लागला, कीं कधीं कधीं त्या सांध्याची घडण बदलते, आणि मग शरीरांतील कोणत्याहि अवयवांत तो तुटूं शकतो. तेव्हां मेंदू, काळीज, फुप्फुस, सर्वत्र विषाणु पसरतो आणि पक्षी दोनतीन दिवसांत मरतो. रानांत असा अतिघातक विषाणु सहसा टिकाव धरीत नाहीं. कारण ज्याच्या अंगांत तो राहतो तो पक्षी लवकर मेला, तर विषाणूची वाटहि तेथेंच खुंटते. बंदिस्त कोठींत गोष्ट उलट आहे. तेथें हजारों कोंबड्या एका छपराखालीं, एकमेकींस खेटून, असतात. एक मरण्यापूर्वीं दुसरीस रोग देण्यास तिला वीतभरहि हालावें लागत नाहीं.

या विशिष्ट विषाणूचा मागहि पाळीव पक्ष्यांकडेच जातो. त्याचा मूळ पुरुष १९९६ सालीं चीनच्या ग्वांगडोंग प्रांतांत पाळीव हंसांत सांपडला. दुसऱ्याच वर्षीं हाँगकाँगच्या कोंबडीबाजारांत त्यानें प्रवेश केला, आणि तेथें अठरा माणसांस बाधा होऊन सहाजण दगावले. तेथील दहा लाखांहून अधिक कोंबड्या तेव्हां मारून टाकण्यांत आल्या. रानपक्ष्यांची मोठी मरतूक छिंगहायला झाली ती यानंतर आठ वर्षांनीं. म्हणजे प्रथम बदकांनीं सौम्य विषाणु कोंबड्यांस दिला, कोंबड्यांच्या कोठ्यांत तो घातक बनला, आणि तो घातक विषाणु माणसाच्या पाळीव पक्ष्यांनीं रानपक्ष्यांस परत केला, असा हा व्यवहार आहे. त्यांत बदक दोषी आहे तितकेंच पीडितहि आहे.

भारतांतील पहिली सांथ तर महाराष्ट्रांतच झाली. १८ फेब्रुवारी २००६ रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें हा रोग असल्याचें जाहीर झालें. नवापूर हें अंडीं देणाऱ्या कोंबड्यांच्या मोठमोठ्या केंद्रांचें गांव. तेथें एका केंद्रापासून दुसरें केंद्र फार दूर नव्हतें. माणसें, गाड्या, अंड्यांचे ट्रे, खाद्याचीं पोतीं यांची ये-जा अखंड चालूं होती. लक्षावधी कोंबड्या पुराव्या लागल्या, आणि पुढच्याच महिन्यांत जळगांव जिल्ह्यांतहि रोग आढळला. एका कोठींतून शेजारच्या कोठींत जाण्यासाठीं विषाणूस पंखांची गरज नसते. बुटाच्या तळाला चिकटलेली चिमूटभर विष्ठा, गाडीचें चाक, न धुतलेला पिंजरा, एवढें त्यास पुरतें.

उदगीरच्या प्रकरणाकडे या दृष्टीनें पाहिलें, म्हणजे त्यांतील एक गोष्ट ध्यानांत येते. तेथें मेले ते कावळे होते. कावळा हा सैबेरियाचा पाहुणा नव्हे, तो गांवचाच रहिवासी. आणि त्याचें अन्न माणसाच्या उकिरड्यावर असतें. कोंबडीच्या दुकानामागें फेंकलेलीं आंतडीं व पिसें, तळ्याकांठीं मरून पडलेलें पांखरूं, उघड्यावर टाकलेली मेलेली कोंबडी, यांचा समाचार प्रथम तोच घेतो. म्हणून कावळ्यांची मरतूक ही गांवाच्या आरोग्याची घंटा समजावी. विषाणु तळ्यावरून आला असो वा बाजारांतून, तो कावळ्यापर्यंत पोहोंचला याचा अर्थ मेलेल्या पक्ष्यांची विल्हेवाट कोठें तरी नीट झाली नाहीं, असा होण्याचा संभव मोठा आहे. कावळ्याकडून पुढें तो परसांतील कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्यांत उतरण्यास वेळ लागत नाहीं.

मराठवाड्याच्या बाबतींत पाण्याचा विचार आणखी एका कारणासाठीं करावा लागतो. हा अवर्षणाचा प्रदेश आहे. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें, हें सर्वांच्या स्मरणांत आहे. पाऊस कमी झालेल्या वर्षीं जलाशय आक्रसतात, लहान तलाव आटतात, आणि जें थोडें पाणी उरतें त्याच्याच कांठीं रानबदकें, गांवचीं बदकें, परसांतील कोंबड्या, गुरें आणि कपडे धुणाऱ्या बाया, सर्वांची गर्दी होते. एरवीं जे एकमेकांपासून दूर राहिले असते ते एका थाळींत जेवूं लागतात. तो पाणवठा सुरक्षित कसा ठेवावा, हा प्रश्न बदकांस हांकलून सुटणारा नव्हे.

उलट, हांकलण्यानें प्रश्न वाढतो. बार उडवून किंवा फटाके वाजवून बदकें उठविलीं, तर तीं नाहींशीं होत नाहींत. चार तळ्यांवर विखुरतात, आणि रोग असल्यास एका तळ्याचा चार तळ्यांवर नेतात. रानपक्ष्यांची कत्तल हा या सांथीवरचा उपाय नव्हे, असें पशुआरोग्याच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनीं वारंवार सांगितलें आहे. आणि भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो गुन्हाहि आहे.

पाहुण्या पक्ष्यांवर आळ येण्याची ही पहिलीच वेळ नाहीं. १९५७ सालीं तेव्हांच्या म्हैसूर राज्यांत, शिमोगा जिल्ह्याच्या अरण्यांत, माकडें पटापट मरूं लागलीं आणि माणसांसहि ताप येऊं लागला. हाच क्यासनूर अरण्याचा रोग; महाराष्ट्रांत सिंधुदुर्ग जिल्ह्यांत त्यास ‘माकडताप’ म्हणतात. त्याचा विषाणु रशियांतील एका मेंदुज्वराच्या विषाणूशीं मिळताजुळता निघाला, तेव्हां सैबेरियाहून येणाऱ्या पक्ष्यांनीं गोचिडांमार्फत तो आणला असावा, अशी शंका निघाली. डॉ. सलीम अली व मुंबईची निसर्गेतिहास संस्था यांनीं जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें हजारों पक्षी पकडून त्यांच्या पायांत क्रमांकाच्या कड्या घातल्या व त्यांच्या अंगावरील गोचिडी तपासल्या. ती शंका सिद्ध झाली नाहीं. पण त्या कड्यांमुळें एक कायमचा लाभ झाला; भारतांत कडी घातलेलीं बदकें सोव्हिएत प्रदेशांत मिळालीं, आणि त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा नकाशावर आल्या. याच सलीम अलींनीं १९३१-३२ सालीं निजामाच्या राज्यांतील पक्ष्यांची पाहणी केली होती. नांदेड आणि लातूर हीं दोन्ही स्थळें तेव्हां त्या राज्यांत होतीं. आळ घेण्यापूर्वीं मोजणी करावी, हा धडा त्या कार्यापासून घेण्यासारखा आहे.

माणसास या रोगाचें भय कितपत आहे, हें सुशिक्षित कुटुंबांनीं नीट समजून घेतलें पाहिजे. २००३ पासून सर्व जगांत या विषाणूची बाधा झाल्याचीं प्रकरणें एक हजाराच्या जवळपास नोंदलीं गेलीं आहेत, आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास माणसें दगावलीं आहेत. भारतांत २०२१ मध्यें हरियाणांतील एका मुलाचा आणि २०२५ मध्यें आंध्र प्रदेशांतील एका लहान मुलीचा मृत्यु झाला. आंकडा लहान आहे, पण बाधा झाली तर ती भयंकर आहे. माणसाकडून माणसाकडे हा विषाणु अद्याप सहज जात नाहीं. तो तसा जाऊं लागूं नये, यासाठींच शास्त्रज्ञ जागरूक आहेत. कारण १९१८ सालच्या ज्या इन्फ्लुएंझानें भारतांत लाखों घरें ओसाड केलीं, त्याच्या विषाणूचें मूळहि पक्ष्यांतील इन्फ्लुएंझाशीं जोडलें जातें. महाराष्ट्रांत जुनीं माणसें त्या सांथीस ‘मानमोडी’ म्हणत.

योगायोग असा, कीं कोंबड्यांच्या राणीखेत रोगासहि खेड्यांत ‘मानमोडी’ हेंच नांव आहे. राणीखेतीचा विषाणु अगदीं वेगळा. परंतु मान टाकणें, श्वास लागणें, एकाएकीं मरणें हीं लक्षणें दोन्ही रोगांत इतकीं सारखीं, कीं प्रयोगशाळेवांचून भेद कळत नाहीं. या नांवाच्या गोंधळांत धोका आहे. ‘दरवर्षींचीच मानमोडी आहे’ असें म्हणून घरधनीण मेलेलीं पांखरें उकिरड्यावर टाकते, आणि उरलेलीं मरण्यापूर्वीं आठवड्याच्या बाजारांत विकून मोकळी होते. त्यांत तिचा दुष्ट हेतु नसतो. चार पैसे बुडूं नयेत एवढीच तिची धडपड असते. पण बदकाच्या पंखांनीं जें झालें नसतें तें या एका टोपलीनें होतें.

येथेंच शासनाच्या नियमांचा संबंध येतो. जनावरांच्या सांसर्गिक रोगांस आळा घालण्याविषयींच्या २००९ च्या कायद्यान्वयें रोगाची खबर देणें हें मालकाचें कर्तव्य आहे. रोग ठरल्यावर एक किलोमीटरांतील कोंबड्या मारण्यांत येतात, आणि दहा किलोमीटरांपर्यंत देखरेख ठेवण्यांत येते. मारलेल्या कोंबड्या, नष्ट केलेलीं अंडीं व खाद्य यांबद्दल मालकास भरपाई मिळते. मात्र जी कोंबडी आधींच रोगानें मेली तिच्याबद्दल मिळत नाहीं. याचा व्यावहारिक अर्थ असा, कीं खबर जितकी लवकर, तितकें नुकसान कमी. हा अर्थ मुरुंब्यासारख्या गांवांतील बचत गटाच्या स्त्रियांपर्यंत, त्यांच्या बोलींत आणि रोग येण्यापूर्वीं, पोहोंचला पाहिजे. भरपाईची रक्कम वेळेवर हातीं पडेल असा विश्वास नसेल, तर कोणताहि कायदा रोग उघडकीस आणूं शकणार नाहीं.

शहरांतील कुटुंबांचें कर्तव्य सोपें आहे. मेलेल्या पक्ष्यास हात लावूं नये, मुलांस लावूं देऊं नये, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें. अंडीं व कोंबडी पूर्ण शिजवून खाण्यास हरकत नाहीं. सत्तर अंश सेल्सिअसच्या उष्णतेंत हा विषाणु टिकत नाहीं, आणि भारतीय स्वयंपाकाची उकळी त्याहून कितीतरी अधिक असते. अफवेनें बाजार बसला, कीं जेथें रोगाचा मागमूसहि नाहीं अशा गांवांतील कोंबडीपालकहि बुडतो, आणि बुडणारा माणूस रोग लपवितो. ज्यांच्या परसांत कोंबड्या आहेत त्यांनीं हिंवाळ्याचे चार महिने त्या तळ्यावर सोडूं नयेत, त्यांचें पाणी व दाणा झांकून ठेवावा, आणि नवीं पांखरें आणल्यास कांहीं दिवस वेगळीं ठेवावींत. कोंबडीविक्रेत्यांनीं आंतडीं व पिसें खड्ड्यांत चुना घालून पुरावींत, म्हणजे कावळ्यास तें जेवण मिळणार नाहीं. यांतील एकहि गोष्ट खर्चाची नाहीं.

सायंकाळीं विष्णुपुरीच्या पाण्यावर चक्रवाकाची हांक ऐकूं येते. चक्रवाक आणि चक्रवाकी यांस रात्रभर एकमेकांपासून दूर राहण्याचा शाप आहे, असा जुना कविसंकेत आहे. या सांथीच्या दिवसांत तो शाप परसांतील कोंबडी आणि तळ्यावरील बदक यांस मिळाला, तर तें वरदानच ठरेल. दोघांमधील अंतर राखणें बदकाच्या हातीं नाहीं. तें कोंबडीच्या मालकाच्या हातीं आहे. फाल्गुन संपतां संपतां हे पाहुणे उत्तरेकडे निघून जातात. जातांना ते येथून काय घेऊन जातात, याचीहि जबाबदारी यजमानावर असते.